जंगलातला उन्हाळा आणि आता आलेला फोन

पत्र: मी दहा वर्षांचा असताना बाबा पतसंस्थेतल्या लोकांच्या ठेवी बुडवून फरार झाले. जाताना मलाही सोबत नेलं. देवलापारच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका झोपडीत आम्ही उन्हाळा काढला. पहाटे मोहफुलं वेचायची, रात्री बाजेवर पडून पेंढारी लुटारूंचा सरदार चितू याची गोष्ट ऐकायची. एके दिवशी बाबांनी अर्ध्या तिकिटाचे पैसे माझ्या मुठीत कोंबले आणि मला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. आता इतक्या वर्षांनी फोन आला, ‘आजारी आहे, थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे.’ खटला अजून चालूच आहे. माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच होते, याची मला लाज वाटते. काय करू? – एक मुलगा, नागपूर

उत्तर: भाऊ, लाज आधी काढून टाका. दहा वर्षांच्या पोराला बाप दिवसभर मिळाला, त्याचा तो आनंद. त्या पैशांचा हिशोब तुमच्याकडे कोणी मागू शकत नाही.

चितूची गोष्ट मात्र बाबांनी तुम्हाला अर्धीच सांगितली असेल. इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई हरलेले नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले १८१९ मध्ये अशीरगडाला पोचले, तेव्हा चितू आणि त्याचा मुलगा त्यांच्यासोबत होते. अप्पासाहेबांना किल्ल्यात घेतलं, चितूला नाही. बाप-लेकाची तिथे ताटातूट झाली. चितू एकटा जंगलात शिरला आणि वाघाने त्याला मारलं. सापडलेलं शीर दफनासाठी मुलाच्या हवाली केलं गेलं. ऐकून पोटात कालवतं. पण १८१६ मध्ये पेंढाऱ्यांनी गुंटूरकडे धाड घातली, तेव्हा जेमतेम बारा दिवसांत १८२ माणसं मारली गेली आणि ३,६०३ जणांचा पैशासाठी छळ झाला. ती गावं बाजेवरच्या गोष्टीत आली होती का? तुमच्या बाबांच्या गोष्टीतही ठेवीदार नाहीत. पोरीच्या लग्नासाठी पै पै जमवलेली ती माणसं याच शहरात राहतात, भाऊ. मला त्यांचाही विचार सोडवत नाही.

म्हणून सांगते, बाबांना घरी ठेवू नका. फरार आरोपीला आसरा देणं गुन्हा आहे, आणि त्यात जेवण, पैसे, गाडीची सोय हेही येतं. कायद्याने सूट दिली आहे ती फक्त नवरा-बायकोला, मुलाला नाही. पुन्हा फोन आला की स्पष्ट सांगा, ‘बाबा, वकिलासोबत कोर्टात हजर व्हा. मी तिथे येतो.’ वकील परवडत नसेल, तर कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. आजाराचं खरं असेल तर कागद कोर्टापुढे ठेवता येतात, जामीन मागता येतो. त्या दिवशी नक्की जा. भेटा, हात धरा, रडू आलं तर रडा. जंगलातल्या त्या दिवसांबद्दल विचारायचं असेल तेही विचारा. बसमध्ये का बसवलंत, हे तर विचाराच. उत्तर तुम्हाला हवं तसं येईलच असं नाही.

ते नाही म्हणाले तर? तर फोन ठेवा आणि वकिलाला गाठा. पैसे पाठवू नका, एकदाही नाही.

आणि आईला हा फोन आल्याचं आजच सांगा. ठेवीदार दारात येऊन बसले असतील, तेव्हा त्यांना तोंड देणारी तीच असणार. तुमच्या पत्रात ती कुठेच नाही.