ग्रुपवर विचारलं तर लोक काय म्हणतील?

आरोग्य उपकेंद्रावरच्या सिस्टर माझ्याकडे मन मोकळं करायला येतात तेव्हा बहुतेकींचं एकच असतं, काही अडलं तर विचारायचं कोणाला, आणि विचारलं तर हिला काही येत नाही असं म्हणतील. चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका एएनएम (उपकेंद्रावरच्या नर्स) ताईंचं सांगते (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). रात्रीची डिलिव्हरी, वार पडली तरी रक्त थांबेना. ताईंनी रक्तस्राव आवरायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलेलं, गर्भाशय चोळलं, सलाईन लावलं, १०८ ची गाडी बोलावली, बाई वाचली. पण ताईंची झोप गेली. "मी एकलीच शे ना ताई," म्हणे.

व्हॉट्सॲप ग्रुप होता की, पण त्यात एमओ (मेडिकल ऑफिसर) साहेब, टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेब सगळेच, तिथे मला भीती वाटली असं कोण लिहिणार? मीसुद्धा नसतं लिहिलं. तो ग्रुप रिपोर्ट टाकायला ठीक आहे.

मी विचारलं, ट्रेनिंगला सोबत कोण होतं? एक मैत्रीण शिरपूरकडे निघाली. म्हटलं तिला फोन करा, पण रडगाणं नको, सरळ केस सांगा आणि विचारा तू काय केलं असतंस. ती म्हणाली हेच केलं असतं, आणि मग तिने स्वतःची तशीच एक रात्र सांगितली! "हेच केलं असतं" हे वाक्य ताईंना इतके दिवस कोणीच म्हटलं नव्हतं, सगळं बरोबर करूनही.

मग पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मासिक मिटिंगनंतर ताई धरून चौघी सिस्टर अर्धा तास बोलायला थांबायला लागल्या. पेशंटचं नाव, फोटो फोनवर टाकायचा नाही आणि कोणाचं चुकलं यावरून सुरुवात करायची नाही, एवढेच नियम. एकदा ताईंनी अर्धा लिटर लाल रंगाचं पाणी मोजून कापडावर ओतलं आणि बाकी तिघींना अंदाज विचारला, सगळ्यांनी कमीच सांगितलं. रक्त ५०० मिलीच्या वर गेलं की पीपीएच (बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव) हे पाठ असतं हो, पण कापडावर ते केवढं दिसतं हे बघितल्याशिवाय कळत नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या लेबर रूमच्या सिस्टर फोनवर नेहमी ताईंवर चिडायच्या, पेशंट कशाला पाठवली म्हणून. ताई एक दिवस मुद्दाम दिवसा जाऊन त्यांना भेटून आल्या, चहा झाला, नंबर घेतला. आता गाडी निघायच्या आधीच बीपी किती, रक्त किती गेलं, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं हे कळवतात, तिकडे तयारी होऊन जाते. पाड्यावरची म्हातारी दाईसुद्धा या ओळखीत धरा असं मी आवर्जून सांगते, बाईला वेळेत घराबाहेर काढायला सासू तिचंच ऐकते, आपलं नाही.

पण महिना उलटूनही तीच रात्र डोळ्यांसमोर येत असेल, ड्युटीवर जायची धडकी भरत असेल तर मैत्रिणींवर भागवू नका, समुपदेशकाला किंवा डॉक्टरला दाखवा. ताई अजून येतात माझ्याकडे, आता महिन्यातून एकदा.