लॉर्ड हाउ बेटावरच्या कोणत्या पायवाटा आम्हा साठीतल्या नवरा-बायकोला जमतील?

रोज सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी फिरण्याची आपणां दोघांना सवय आहे, असे आपण लिहिले आहे. तेव्हा मलबार हिलची वाट मी निःसंकोच सुचवीन. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेल्या या जेमतेम १० किलोमीटर लांबीच्या बेटाच्या उत्तर टोकावर ही २०९ मीटर उंचीची टेकडी आहे. चढ नागपूरच्याच सेमिनरी हिल्सपेक्षा बराच खडा आहे, परंतु माथ्यावरून प्रवाळभिंतीआडचा निळा समुद्र आणि दक्षिणेकडील लिजबर्ड व गावर ही दोन्ही शिखरे एकत्र दिसतात, त्यामुळे दम लागल्याचे वाईट वाटत नाही. थकवा आल्यास केंटिया ताडांच्या सावलीतून जाणाऱ्या सखल वाटा पुरेशा आहेत.

८७५ मीटर उंचीचे गावर शिखर मात्र सोडून द्यावे. परवानाधारक वाटाड्याशिवाय तेथे जाता येत नाही, आणि दोर धरून चढण्या-उतरण्यात सुमारे आठ तास जातात.

नागपूर मे महिन्यात भाजत असते तेव्हा तेथे शरद ऋतू सरत असतो, म्हणून स्वेटर न्यावा. बेटावर एका वेळी साधारण ४०० पर्यटकांनाच मुभा असल्याने विमानाच्या तिकिटाआधी खोली निश्चित करावी.