वरच्या जबड्याचे हाड झिजल्यावर इम्प्लांट : वाचकांचे प्रश्न

बरीच वर्षे कवळी वापरते आहे, तरी हाड उरले नाही असे डॉक्टर सांगतात. कवळीने हाड टिकत नाही का?

नाही, टिकत नाही. दात काढला की चावताना मुळांमार्फत हाडाला मिळणारा ताण थांबतो आणि हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत वेगाने होते. वरच्या दाढांच्या जागी तर सायनसची (नाकाच्या बाजूची, गालामागची हवेची) पोकळीही हळूहळू खाली उतरते, त्यामुळे हाड दोन्ही बाजूंनी कमी होते. सैल कवळी तशीच दामटत राहिलात तर नुकसान वाढेल. ती आधी तपासून घ्या.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे हाड भरून येईल का?

येणार नाही.

‘हाड नसले तरी तीन दिवसांत पक्के दात’ अशी जाहिरात पाहिली. जुना ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे पाठवल्यावर त्यांनी खर्चही कळवला. पुढे जावे का?

थांबा. अशा जाहिरातींत बहुधा गालाच्या हाडात बसवायच्या झायगोमॅटिक इम्प्लांटविषयी सांगितलेले असते. हा उपचार खरा आहे आणि योग्य रुग्णात तात्पुरते, पण घट्ट बसणारे दात काही दिवसांत बसवताही येतात. परंतु साधारण ३० ते ५० मिलिमीटर लांबीचा हा स्क्रू सायनसमधून किंवा त्याच्या भिंतीलगत, डोळ्याच्या खोबणीच्या जवळून जातो, आणि ओपीजीच्या सपाट चित्रात हाडाची रुंदी दिसतच नाही. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन न पाहता, सायनसमध्ये सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का हे न तपासता जो खर्च कळवतो, त्याने तुमचा जबडा पाहिलेलाच नाही. कित्येकांचे काम सायनस लिफ्ट करून (सायनसचा तळ वर उचलून), तिथे हाडाची भर (ग्राफ्ट) घालून आणि साध्या इम्प्लांटने होते. त्यात सहा-नऊ महिने थांबावे लागते, म्हणून हा पर्याय जाहिरातीत सांगितला जात नाही. नंतर सायनसचा त्रास उद्भवला तर कोण पाहणार, इम्प्लांट काढावे लागले तर पुढे काय, हे आधी विचारा आणि स्कॅन दुसऱ्या मुखशल्यचिकित्सकालाही दाखवा.

धूम्रपान सोडावेच लागेल का?

होय, आणि शस्त्रक्रियेच्या आधीच.

आईला हाडे ठिसूळ झाल्याने वर्षातून एकदा इंजेक्शन देतात. इम्प्लांटपूर्वी ते आम्हीच बंद करावे का?

मुळीच नाही. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधांमुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो, तर उपचार स्वतःहून बंद केल्यास मणक्याचे किंवा खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढू शकतो. औषधाचे नाव, पहिल्या आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून दंतशल्यचिकित्सकाला द्या. पुढचा निर्णय त्यांनी आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा आहे.