नवीन पेट्रोल गाडी कमी वेगात गचके खाते; दोष गाडीत आहे की चालवण्यात?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. 2023 ची तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. महामार्गावर काही तक्रार नाही, पण साताऱ्यात राजवाडा, मोती चौकाच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके खाते आणि मागे बसलेल्या आईला त्रास होतो. सर्व्हिस सेंटरने ‘या मॉडेलला असंच असतं’ म्हणून परत पाठवलं. वडिलांची जुनी गाडी असं कधी करत नव्हती. शिवाय सारखा क्लच दाबला तर क्लच प्लेट जाईल, ही घरच्यांची भीती.

मी साताऱ्यातच गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर डावीकडच्या सीटवर असतो, त्यामुळे हे गचके मला मानेत कळतात. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण नवशिके नसतात. वर्षानुवर्षं जुनी गाडी चांगली चालवलेली माणसं असतात. म्हणून तुमचा हात बिघडलाय असं मनात आणू नका. जुन्या गाडीने पायाला लावलेली सवय नव्या इंजिनाला मानवत नाही, एवढंच बहुतेक वेळा झालेलं असतं. अर्थात कधीकधी खरोखर दोषही असतो. तो कसा ओळखायचा तेही पुढे सांगतो.

आधी गचका येतो कुठून ते बघू, कारण ते एकदा कळलं की पाय आपोआप सुधारतो. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही रेस पूर्ण सोडली की इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. कमी करत नाही, बंदच करतो. मग चाकं इंजिनला फिरवत राहतात आणि इंजिन गाडीला मागे धरतं. आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, उतरून साधारण 1200 च्या आसपास आले की पेट्रोल पुन्हा सुरू होतं आणि इंजिन गाडीला पुढे ढकलायला लागतं. पाचव्या गिअरमध्ये हा बदल जाणवतसुद्धा नाही. पण पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा जोर चाकांपर्यंत जाताना 14-15 पट झालेला असतो, म्हणून इंजिनातला बारीकसा बदलही अंगावर येतो. त्यात गिअरच्या दात्यांमध्ये, ॲक्सलच्या सांध्यांमध्ये थोडी ढील असते आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, त्यांच्या पिनेतली ढील संपताना मागच्या ट्रॉलीला कसा हिसका बसतो ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय. तोच प्रकार तुमच्या बॉनेटखाली होतो. ओढीतून ढिलीत आणि ढिलीतून परत ओढीत जाताना प्रत्येक वेळी एक हिसका.

मग दुसरी गोष्ट घडते. हिसक्याने तुमचं अंग हलतं, अंगाबरोबर पाय हलतो, पायाबरोबर रेस कमीजास्त होते आणि पुढचा हिसका आदल्यापेक्षा मोठा येतो. गाडी उड्या मारत जाते ती अशी.

जुन्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत, तार होती. पाय हलला तेवढीच झडप हलायची. आता पेडलला फक्त सेन्सर असतो. तुम्ही किती दाबलं ते कॉम्प्युटर बघतो आणि झडप किती उघडायची ते तो ठरवतो. काही मॉडेलमध्ये सुरुवातीच्या जराशा दाबालाच झडप बरीच उघडते, त्यामुळे शोरूमच्या चाचणीत गाडी चपळ वाटते आणि गर्दीत तीच गोष्ट नडते. कार्बोरेटरच्या काळात मिश्रणात थोडं पेट्रोल जास्त देऊन इंजिन मऊ चालवता यायचं. आता ती सूट राहिलेली नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाडीच्या धुराचे कडक नियम आले, एप्रिल 2023 पासून त्यांचा दुसरा टप्पा, ज्यात प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना निघणारा धूरही मोजतात. एक्झॉस्टमधला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करायचा तर साध्या पेट्रोलला हवा वजनाने 14.7 पट लागते, आणि कॉम्प्युटर हे प्रमाण काटेकोरपणे सांभाळतो. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर 180 अंशांना एक स्फोट होतो, तुमच्या तीन सिलिंडरमध्ये 240 अंशांना. मधली पोकळी मोठी, म्हणून कमी आरपीएमला इंजिन लवकर कुथतं.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या एथेनॉलबद्दलही सांगतो, कारण हल्ली प्रत्येक बिघाडाचं खापर त्याच्यावर फुटतं. एथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून 20 टक्के मिश्रणात मायलेज थोडं उतरतं. ते खरं आहे. पण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर इंधनाचं प्रमाण सुधारून घेतो. 20 टक्क्यांसाठी बनवलेल्या गाडीत गचक्यांचं मूळ तिथे शोधू नका.

आता उपाय. सगळ्याचं सार एकच आहे: कमी वेगात गाडी ओढ आणि ढील यांच्या सीमेवर ठेवायची नाही. एकतर हलकी पण सलग ओढ ठेवा, नाहीतर क्लच पूर्ण दाबून इंजिन सोडवून टाका. रेस थोडी दिली, सोडली, परत दिली, असं करत राहिलात की प्रत्येक वेळी ती सीमा ओलांडली जाते.

सुरुवात पायापासून करा. उजव्या पायाची टाच जमिनीला टेकलेली हवी आणि हालचाल घोट्यातून व्हायला हवी. मांडीतून पाय हलवणाऱ्याला बारीक रेस कधीच देता येत नाही. सीट मागे असेल तर टाच उचलली जाते, म्हणून सीट थोडी पुढे घ्या. सैल चप्पल घालून गाडी चालवू नका.

सपाटीवर पहिला गिअर टाकून क्लच सावकाश पूर्ण सोडला आणि रेसला पायच लावला नाही, तर तुमच्यासारखी गाडी आयडलवर, म्हणजे इंजिनच्या किमान फेऱ्यांवर, ताशी सहा-सात किलोमीटरने चालते. हे आधी रिकाम्या जागेत करून बघा. कॉम्प्युटर आयडल स्वतः सांभाळतो, इंजिन सहजासहजी बंद पडत नाही. साताऱ्याच्या खालच्या रस्त्यावर संध्याकाळी रांग जेव्हा या चालीने सरकते तेव्हा रेसची गरजच नसते. रांग त्याहून हळू असेल तर क्लच दाबा, गाडी घरंगळू द्या, थांबा. पुढच्या गाडीला थोडं पुढे जाऊ द्या आणि मग एकदाच सलग पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. पुढच्याला चिकटून इंचाइंचाने सरकण्यानेच निम्मे गचके येतात.

रेस सोडायचीही एक पद्धत आहे. पहिल्या गिअरमध्ये 12-15 च्या वेगाला पाय झटकन उचलला की पेट्रोल बंद होतं आणि सगळ्यांच्या माना पुढे जातात. पाय सावकाश उचला, आणि वेग त्याहून कमी असेल तर रेस सोडता सोडताच क्लच दाबा. नव्या गाडीत मी सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर घालवतो. हे जमलं की मागे बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी फरक कळतो.

दुसऱ्या गिअरमध्ये आयडलवर गाडी ताशी 11 च्या आसपास असते, पण इंजिन खुशीत चालायला 15 तरी हवेत. गतिरोधकावर वेग त्याच्या खाली गेला की क्लच दाबून गतिरोधक ओलांडा, मग क्लच थोडा सोडून जराशी रेस देऊन बाकीचा सोडा. फारच हळू झाला असाल तर सरळ पहिला टाका. चालत्या गाडीत पहिला टाकणं पाप आहे असं जुनी माणसं शिकवायची. चालण्याच्या वेगाला तो बिनधास्त पडतो. मीटरवर ‘वरचा गिअर टाका’ असा बाण दिसतो तो मायलेजच्या हिशोबाने असतो. खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्याला जाणाऱ्या चढाच्या गल्लीत त्याचं ऐकायचं नाही.

एसीमुळेही फरक पडतो. कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना इंजिनवरचा भार बदलतो आणि सरकत्या रांगेत ते जाणवतं. एसी बंद करून तोच रस्ता एकदा चालवून बघा, गचक्यातला किती भाग त्याचा ते समजेल. सकाळी इंजिन थंड असतानाही आयडल चढलेलं असतं, पहिले काही मिनिटं गाडी जास्त उसळते. तो बिघाड नाही.

यवतेश्वरच्या घाटाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण सप्टेंबरात कासला फुलं आली की या गाड्यांची खरी परीक्षा तिथे होते. चढताना वळणावर वेग पडला की दुसऱ्यात कुथवत नेऊ नका, वळणाच्या आधीच पहिला घ्या. रांग चढावर थांबली तर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची नाही, हँडब्रेक ओढायचा. उतरताना दुसऱ्यात ठेवा आणि रेसवर पाय नुसता ठेवू नका. पाय पूर्ण बाजूला घेतला की पेट्रोल बंद राहतं आणि इंजिन गाडीला शांतपणे धरून ठेवतं. उतारावर अधूनमधून रेसला स्पर्श करत राहणाऱ्यांची गाडी खाली समर्थ मंदिरापर्यंत हिसके खात येते. न्यूट्रल तर घाटात कधीच नाही.

हे सगळं करूनही गचके राहिले तर आता दोष शोधायचा. पहाटे महामार्गाच्या मोकळ्या सर्व्हिस रस्त्यावर जा. दुसरा गिअर, 2000 आरपीएम, पाय एकदम स्थिर. पाय स्थिर असताना गाडी अडखळत असेल तर तो तुमचा दोष नाही, इंजिन कुठेतरी मिसफायर करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर बघावे लागतील. उभ्या गाडीत आयडलला इंजिन अनियमित थरथरत असेल तर मिसफायर, घाणेरडी थ्रॉटल बॉडी किंवा हवेची गळती. फक्त गाडी सुटताना, क्लच धरतो त्या क्षणी थरथर होत असेल तर क्लच प्लेट किंवा माउंटिंग. आणि फक्त रेस देता-सोडताना ‘धप्’ असा आवाज येऊन हिसका बसत असेल तर माउंटिंग आधी तपासायला सांगा. नव्या गाडीतही ते सैल निघू शकतं. गाडी शेताजवळ उभी असते का? उंदीर वायर कुरतडतात, त्यानेही एखादा सिलिंडर मध्येच बंद पडतो.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र रेस कमी करून गाडी बाजूला घ्या. जोराचा मिसफायर म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातंय, आणि तो जळाला तर खर्च मोठा आहे. दिवा लागलेला नसला तरी स्कॅनर लावायला सांगा, कारण काही कोड दिवा लागण्याआधीच नोंदवले जातात. पी-0300 हा मिसफायरचा कोड. 0301, 0302, 0303 म्हणजे कोणता सिलिंडर ते.

‘या मॉडेलला असंच असतं’ हे उत्तर तसंच घेऊन परत येऊ नका. त्यांच्याकडे त्याच मॉडेलची टेस्ट ड्राइव्हची गाडी असते. ती मागून घ्या आणि त्याच रस्त्यावर, त्याच गर्दीत चालवा. ती तुमच्यासारखीच वागली तर तो मॉडेलचा स्वभाव समजा. ती मऊ चालली तर तुमच्या गाडीत काहीतरी आहे, आणि मग टेक्निशियनला शेजारी बसवून गचका दाखवा. तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या: कोणता गिअर, किती वेग, एसी चालू की बंद, इंजिन गरम की थंड. नुसतं ‘गाडी धक्के देते’ असं लिहिलेलं वॉरंटीत फारसं कामाला येत नाही. कॉम्प्युटरचं नवीन सॉफ्टवेअर आलंय का हेही विचारा. काही मॉडेलमध्ये नुसत्या अपडेटने फरक पडतो.

महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, टाकीत ओतायच्या बाटल्या, बाहेरून कॉम्प्युटरचं रीमॅपिंग (त्याचं सॉफ्टवेअर बदलून घेणं) यांवर पैसे घालू नका. जास्त ऑक्टेन इंजिनची खटखट थांबवतं, गचक्यांशी त्याचा संबंध नाही. वॉरंटीतल्या गाडीला रीमॅपिंग तर अजिबात नको.

राहिली क्लच प्लेटची भीती. क्लच पूर्ण दाबलेला असताना प्लेट कशालाच घासत नाही, त्यामुळे ती झिजत नाही. तेव्हा भार येतो तो क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर, म्हणून लांब सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढून घ्या. प्लेट झिजते ती हाफ क्लचवर. गाडी सुटताना दोन-तीन सेकंद हाफ क्लच लागणारच, त्यासाठीच तो बनवलाय. चढावर मिनिटभर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं आणि चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवणं, प्लेट खाणाऱ्या सवयी या दोन. गर्दीत रेस सोडताना क्लच पूर्ण दाबायला मी सांगतोय, त्याने प्लेटचं काही बिघडत नाही, हे घरी निश्चिंतपणे सांगा.