खांब नसलेला जिना

प्रश्न: अमेरिकेत केंटकी राज्यातल्या फ्रँकफर्टला जुनं विधानभवन पाहिलं. घुमटाखाली गोल वळत जाणाऱ्या दगडी जिन्याला खालून ना खांब, ना तुळई. तो उभा कसा राहतो? आणि तो बांधला कोणी?

उत्तर: बांधणारा गिडियन श्रायॉक. जन्म 1802, गाव लेक्सिंग्टन, वडील बांधकाम व्यावसायिक. 1823च्या सुमारास तो फिलाडेल्फियाला वास्तुकार विल्यम स्ट्रिकलंडकडे शिकायला गेला. स्ट्रिकलंड तेव्हा ग्रीक मंदिराच्या धर्तीवर बँकेची इमारत उभी करत होता. फ्रँकफर्टचं आधीचं विधानभवन 1824 मध्ये जळालं होतं. 1827 मध्ये नव्या इमारतीसाठी आराखडे मागवले आणि काम मिळालं ते 25 वर्षांच्या श्रायॉकला. 1830 मध्ये ते पुरं झालं.

आता जिना. लोक म्हणतात की पायऱ्या भिंतीतून फळीसारख्या बाहेर आल्यात. हे अर्धंच खरं. अशा जिन्यात पायरीचं एक टोक भिंतीत थोडंसंच, साधारण 4 ते 6 इंच, शिरलेलं असतं. तेवढ्या पकडीवर भार पेलला जात नाही. खरा भार खाली जातो तो पायरीवरून पायरीवर: प्रत्येक पायरीची पुढची खालची कड तिच्या खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर टेकते, बहुधा एका खाचेत. मोकळ्या टोकावर पाय पडला की दगड पीळ खाऊन फिरू पाहतो. भिंतीतलं टोक त्याला फिरू देत नाही, खालची पायरी त्याला खचू देत नाही. फ्रँकफर्टला लँडिंगपाशी शिवाय कळीचा दगड आहे, कमानीत मधोमध असतो तसा. तो सगळ्यांना आवळून धरतो. म्हणजे जिना तोलला आहे तो दाबावर आणि घडाईच्या नेमकेपणावर.

म्हणूनच अशा कामात चूक होते ती सांध्यात. कड एकाच उंचवट्यावर टेकली, तर सगळा भार तिथंच एकवटतो आणि दगडाची कपची उडते. पहिली पायरी जरा जरी खचली, तरी वरचे सांधे ओळीनं उघडतात. मधली एक पायरी बदलायची असेल, तर वरच्या सगळ्या पायऱ्यांना आधी टेकू द्यावे लागतात. दुसरा शत्रू कठडा: लोखंडी गज दगडात भोक पाडून शिसं ओतून बसवतात. त्यात पाणी शिरलं की लोखंड गंजून फुगतं आणि पायरीचा कोपरा फोडतं. असा जिना तपासताना आधी गजांच्या बुडाशी बघावं, वळणाचं कौतुक नंतर.

जाता जाता: तिथं ज्याला ‘केंटकी मार्बल’ म्हणतात, तो संगमरवर नव्हे. केंटकी नदीकाठचा चुनखडीचा दगडच तो, पण चांगली झिलई घेतो.

प्रश्न: दर्शनी भाग ग्रीक मंदिरासारखा, मग बाजूंना खांब का नाहीत?

उत्तर: नमुना प्रीनी या प्राचीन ग्रीक नगरातल्या अथेना देवीच्या मंदिराचा. त्याची मोजून काढलेली चित्रं लंडनला छापली गेली होती. मूळ मंदिराला चारही बाजूंनी खांब होते. श्रायॉकनं फक्त पुढचे सहा आयोनिक खांब (माथ्याशी गुंडाळीसारखी नक्षी असलेले) घेतले. देवाच्या गाभाऱ्याला अंधार चालतो, कचेऱ्यांना खिडक्या लागतात. घुमट तर ग्रीक मंदिराला नसतोच. पण त्याच्याखाली जिना उजेडात आला, म्हणून आम्हाला ही भेसळ मान्य आहे.

प्रश्न: श्रायॉकच्या पुढच्या इमारती एवढ्या नावाजल्या का नाहीत?

उत्तर: लेक्सिंग्टनच्या ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठातलं ‘ओल्ड मॉरिसन’ (1833) नावाजलेलं आहेच, तिथं डोरिक खांब आहेत, सडे आणि भारदस्त. पण आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या विधानभवनासाठी त्यानं फक्त नकाशे पाठवले. ते खर्चाला झेपेनात, म्हणून जागेवर जॉर्ज वायगर्टनं त्यात काटछाट केली. वीट आणि गिलाव्याची इमारत उभी राहिली. लुईव्हिलचं न्यायालय 1830च्या दशकात सुरू झालं, पैसे आटले, आणि श्रायॉक 1842 मध्ये बाजूला झाला. ते 1860 मध्ये पुरं केलं रेल्वेचे पूल बांधणाऱ्या आल्बर्ट फिंकनं, मूळ बेतापेक्षा साधं. फ्रँकफर्टला मात्र श्रायॉक स्वतः देखरेखीला होता. जिन्याचे सांधे नकाशात घासून मिळत नाहीत. तो 1880 मध्ये लुईव्हिललाच वारला.