सहा बिलांचे सहा मेल जाण्याऐवजी ग्राहकाला एकच मेल कसा पाठवावा?

आपला प्रश्न असा आहे की, एक्सेलच्या तक्त्यात थकीत बिलांची यादी आहे आणि पॉवर ऑटोमेटमधून (ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या साधनातून) दर सोमवारी ग्राहकांना स्मरणपत्रे जातात, परंतु ज्याची सहा बिले थकली आहेत त्याला सहा स्वतंत्र मेल मिळतात; ती सहाही बिले एकाच मेलमध्ये कशी द्यावीत? मीही बडोद्यातच, मकरपुरा जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात वसुलीचे हेच काम पाहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या लूपमध्ये, म्हणजे यादीतील प्रत्येक नोंदीसाठी तेच काम पुन्हा करणाऱ्या ‘अप्लाय टू ईच’मध्ये, दोष नाही; तो ज्या यादीवर फिरतो ती यादी या कामाची नाही. त्याला आपण बिलांची यादी दिली आहे, त्यामुळे तो बिलागणिक एक मेल पाठवणारच. मेल ग्राहकागणिक हवा असेल तर लूपच्या हाती ग्राहकांची यादी द्यायला हवी, आणि ती वेगळी सांभाळत बसण्याची गरज नाही, कारण ती बिलांच्या यादीतूनच काढता येते.

त्यासाठी तक्ता वाचणाऱ्या कृतीनंतर (कृती म्हणजे फ्लोमधील, या स्वयंचलित कामातील, एक पायरी) यादीतून हवा तेवढा भाग उचलणारी ‘सिलेक्ट’ ही कृती ठेवावी, तिचा ‘मॅप’ रकाना बाजूच्या लहान बटणाने मजकूर-पद्धतीत न्यावा आणि तिथे फक्त ग्राहकाचा ईमेल द्यावा. पुढे ‘कंपोज’मध्ये ‘युनियन’ हे फंक्शन लिहून त्यात सिलेक्टने दिलेली तीच यादी दोनदा द्यावी. युनियन दोन याद्या एकत्र करताना पुन्हा आलेली मूल्ये गाळते, त्यामुळे यादी स्वतःशीच जोडली की प्रत्येक पत्ता एकदाच उरतो. मात्र या तुलनेत इंग्रजी लहान व मोठी अक्षरे वेगळी मानली जातात आणि शेवटी राहिलेली मोकळी जागाही फरक पाडते, म्हणून सिलेक्टमध्येच ‘टू-लोअर’ (सर्व अक्षरे लहान करणारे) आणि ‘ट्रिम’ (कडेची मोकळी जागा काढणारे) ही फंक्शने लावून घ्यावीत. हाताने भरलेल्या तक्त्यात याची गरज पडतेच.

आता या छोट्या यादीवर ‘अप्लाय टू ईच’ फिरवावा. त्याच्या आत तीन कृती पुरतात: मूळ बिलांतून त्या पत्त्याची बिले वेगळी करणारी ‘फिल्टर अ‍ॅरे’, त्या बिलांचा तक्ता करणारी ‘क्रिएट एचटीएमएल टेबल’ आणि मेल पाठवणारी कृती. बहुतेकांची गाडी फिल्टरच्या अटीत अडते. तिथे कंसांत काहीही न देता ‘आयटम’ लिहिले तर त्याचा अर्थ फिल्टर त्या क्षणी तपासत असलेले बिल असा होतो. लूपच्या हातातला ग्राहक हवा असेल तर अनेकवचनी ‘आयटम्स’ लिहून त्यात लूपचे नाव द्यावे लागते. अटीच्या डाव्या बाजूला पहिले (बिलाचा ईमेल, पुन्हा टू-लोअर आणि ट्रिमसह) आणि उजव्या बाजूला दुसरे आले पाहिजे. मेलच्या मजकुरात बिल क्रमांक किंवा रक्कम असे मूळ तक्त्यातील रकाने यादीतून उचलून टाकू नयेत, कारण तसे केले की पॉवर ऑटोमेट न विचारता आत आणखी एक लूप गुंडाळतो आणि सहा मेलांचे दुखणे परत येते. मजकुरात फक्त एचटीएमएल टेबलचा आउटपुट असावा.

कोणती बिले घ्यायची ही चाळणी लूपच्या आधीच लावावी. आपला उद्योग सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल तर 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे, लेखी करार असला तरी, पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे अटीत बिलाच्या तारखेऐवजी माल स्वीकारल्याची तारीख घेणे बरे. एक्सेलमधील तारखा एरवी अनुक्रमांकासारख्या संख्या म्हणून येतात, म्हणून तक्ता वाचणाऱ्या कृतीत तारखेचे स्वरूप आयएसओ 8601 (वर्ष-महिना-दिवस असे प्रमाणित स्वरूप) निवडावे. आताची वेळ देणारे ‘यूटीसी-नाऊ’ हे फंक्शन भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते, हेही पहाटे चालणाऱ्या फ्लोमध्ये ध्यानात ठेवावे लागते. तसेच तक्ता वाचणारी ती कृती मुळात फक्त 256 ओळी आणते. तक्ता त्याहून मोठा असेल तर तिच्या सेटिंग्जमध्ये ‘पॅजिनेशन’ (ओळी टप्प्याटप्प्याने आणण्याची सोय) चालू करावे, नाहीतर खालची बिले कसलीही तक्रार न करता गळतात.

लूपच्या अनेक फेऱ्या एकाच वेळी, समांतर, चालवण्याचा पर्याय, जो 1 ते 50 पर्यंत नेता येतो, बंदच ठेवावा असे माझे मत आहे. व्हेरिएबल (मूल्य साठवण्याची जागा) संपूर्ण फ्लोसाठी एकच असते, म्हणून समांतर फेऱ्या एकमेकींनी लिहिलेले मूल्य पुसतात आणि एकाचा हिशेब दुसऱ्याला जाऊ शकतो. वसुलीच्या पत्रात हे परवडणारे नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक मेलसेवेत एका मिनिटाला 30 संदेशांची मर्यादा आहे, तेव्हा घाईने फारसे हाती लागत नाही. ग्राहक बरेच असतील तर मेलनंतर दोन-तीन सेकंदांचा ‘डिले’ टाकावा.

चाचणी घेताना युनियनच्या यादीवर ‘टेक’ फंक्शन लावून पहिले तीनच ग्राहक घ्यावेत आणि मेलच्या ‘टू’च्या (प्राप्तकर्त्याच्या) जागी स्वतःचा पत्ता लिहावा. एखादी फेरी फसली तरी लूप उरलेल्या फेऱ्या पूर्ण करतो आणि शेवटी सगळा लूप फसल्याचे दाखवतो, त्यामुळे कोणाला मेल गेला नाही हे कळावे म्हणून मेलच्या कृतीखाली, ती फसली तरच चालेल अशी ‘रन आफ्टर’ अट घालून, तो पत्ता एका यादीत, म्हणजे अ‍ॅरेमध्ये जमा करावा आणि लूप संपल्यावर ती यादी स्वतःला पाठवावी. या शेवटच्या मेलच्या ‘रन आफ्टर’मध्येही लूप फसला तरी चालावे अशी खूण करून ठेवावी, म्हणजे लूप फसला असला तरी तो निघेल.