स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करतोयस तर

पायथनची काळजी सोड, ते सरावाने हाताला बसतं. अडतं ते लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटीत. आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स एखाद्या दिशेला किती ताणतो तो आकडा) एकदा तरी वहीत हाताने काढून बघ, नाहीतर पीसीए (डेटाचे खूप रकाने थोडक्यांत आणायची पद्धत, ती यावरच चालते) म्हणजे नुसतं बटण दाबणं होतं. (मी तेच केलं होतं, तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला गप्प.)

आणि मॉडेल चालवण्याआधी आलेख काढ. अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली चार डेटासेट मांडले, प्रत्येकात ११ बिंदू. सरासरी, व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत ते), रिग्रेशनची रेषा (बिंदूंना सगळ्यात जवळून जाणारी) चारही ठिकाणी जवळपास सारखी. आलेखात मात्र एक सरळ, दुसरा चक्क कमान, उरलेल्या दोन्हींत एकच उनाड बिंदू रेषेला ओढून नेतो.

कोर्स निवडताना इन्फरन्सचा (नमुन्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढण्याचा) पेपर आहे का बघ. नसेल तर नाव कितीही भारी असो, मी तरी घेणार नाही.